पाणी असं उडी मारून तापत नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा कासव!

बसवनगुडीच्या चढावर. मागं बस भोंगा मारायलीय, बाजूनं रिक्षावाला शिव्या घालायलाय, आणि माझ्यासमोर पडद्यावर ते पिवळं कासव पेटलेलं. ते पेटलं की विजेची गाडी सायकलीगत चालते. पाय कितीही दाबा — ढिम्म! मागच्या सीटवर भीमाचार्य, म्हातारे, डोळ्याच्या डॉक्टरकडं निघालेले. म्हणतात, "अक्का, स्वल्प बेगा," म्हणजे जरा लवकर. मी म्हटलं, "आचार्य, उतरून चालत गेलात तर माझ्या आधी पोचाल." ते हसले. मी नाही हसले.

आठवड्यात तिसरी वेळ ही.

अहल्याच्या गाडीचं असंच सुरू झालं होतं. आम्ही सहा बायका, नरसिंहराव साहेबांच्या सहा गाड्या, जे. पी. नगरच्या शेडमधून चालवतो. गेल्या महिन्यात अहल्याची गाडी सर्व्हिसला गेली, आणि कागद आला — बॅटरी तापून बाद, चालवणारीनं रगडली. साहेबांनी त्याच दिवशी चावी काढून घेतली. आता गाडी कापडाखाली आणि अहल्या खानापूरला भावाच्या दारात. आणि मी तेव्हा काय बोलले? "पाय जडच आहे तिचा, साहेब." कुणी विचारलं पण नव्हतं मला!

आता माझी पाळी काय? वय बावन्न, शाळा चौथी. ही चावी गेली तर मी काय करू — पुन्हा लोकांची धुणी?

नाही जमायचं.

५ नोव्हेंबर

आकडे डोक्यात राहत नाहीत म्हणून इथं लिहायलेय.

पहाटे सव्वापाच. गाडी रात्रभर उभी. चार्जिंग संपून पण चार तास झालेले. बाहेर इतका गारठा की मी नाकाला पदर लावलेला. बटण दाबलं — आणि पुढचा पंखा भणाणायला लागला! उन्हात बंगळूर पालथं घालून आल्यासारखा! गार गाडीला पंखा कशाला?

पडद्यावर दोनदा बोट सरकवलं की आकड्यांचं पान येतं. गाडीच्या पोटात बॅटरीभोवती पाणी फिरतं, तिला थंड ठेवायला. त्या पाण्याची गरमी — एकाहत्तर.

एकाहत्तर!! मी एवढ्या गरम पाण्यात हात घातला तर कातडी सोलून निघेल.

६ नोव्हेंबर

आज बॉनेट उघडून त्या पाण्याच्या नळीला हात लावला. नारंगी वायरीपासून लांब राहून, होय. ट्रेनिंगमध्ये तेवढं एकच नीट ऐकलं होतं — नारंगीला हात लावला की माणूस संपला.

नळी गार. माठाच्या बुडागत गार! पडदा म्हणतो अडुसष्ट.

माझा हात खोटा का पडदा खोटा? माझा हात मी बावन्न वर्षं ओळखते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं! सापडलं असं वाटायलंय!

बनशंकरीजवळ एक उंच गतिरोधक आहे, सगळ्यांचे मणके मोडणारा. त्याच्या अलीकडं आकडा — चौतीस. गाडी धाडकन आपटली — एकोणऐंशी! कासव! पुढं शंभर पावलं गेले — पुन्हा छत्तीस. कासव गेलं!

मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून एकटीच ओरडले. शहाळंवाला बघायला लागला.

अहो, पाणी असं उडी मारून तापत नाही! किती वर्षं मी पाणी तापवायलेय! चुलीवर, स्टोव्हवर, गॅसवर. आधी तळाला बारीक बुडबुडे येतात, मग भांडं गुणगुणतं, मग वाफ. आणि निवायला तर त्याहून जास्त वेळ. गतिरोधकावर आपटलं म्हणून चहाचं आधण कधी उकळलंय का? म्हणजे पाणी तापतच नाही. तापलं म्हणून सांगणारा खोटारडा आहे!

तो सांगणारा कोण ते मात्र म्हायत नाही.

८ नोव्हेंबर

सर्व्हिसवाल्यांकडं गाडी. साहेबांनीच पाठवली, भीमाचार्यांच्या मुलानं तक्रार केली म्हणून.

तिथली इंजिनीअर अनुषा. पुण्याची पोरगी, बारीक, गळ्यात ओळखपत्र, मराठीत चार शब्द आणि इंग्रजीत चाळीस. लॅपटॉप लावला, पाच मिनिटांत म्हणते, "काकू, ओव्हरहीटच्या त्रेचाळीस एंट्रीज आहेत. ड्रायव्हिंग पॅटर्न हार्श वाटतोय. बॅटरीच जाणार बहुतेक."

काकू! मी म्हटलं, "काकू नको. अक्का म्हण नाहीतर कावेरी म्हण. आणि गाडीला हात तरी लावलास का?"

"लॅपटॉपवर सगळं दिसतं."

"नळी गार आहे ते दिसतं का?"

ती म्हणते, "आमचा फ्लोचार्ट असतो, अक्का. पहिली स्टेप बॅटरी."

"पाणी गरम झालं हे लॅपटॉपला कोण सांगतं?"

"सेन्सर असतो ना. टेंपरेचर सेन्सर. पाइपमध्ये बसवलेला."

"किती असतात?"

"कूलंटला इथं एकच."

"म्हणजे एकटा बोलतो आणि सगळी गाडी ऐकते? आणि तोच थापा मारत असला तर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं.

पण कागद तोच आला. बॅटरी. चालवणारी. साहेब म्हणाले, "अक्का, तुम्ही सगळ्यात सीनियर. तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं." मी म्हटलं, "बुधवारपर्यंत थांबा. खोटं निघालं तर मीच चावी आणून देते." त्यांनी मान हलवली. "सरी. बुधवार."

बुधवार!

९ नोव्हेंबर, रविवार

जेवण गेलं नाही. सारखं तेच डोक्यात. थापाड्याला पकडायचं कसं?

दुपारी पीठ मळताना सुचलं! घरातली सगळी भांडी रात्रभर तशीच पडली की सकाळी सगळी सारखीच गार लागतात. पातेलं काय, तवा काय, कुकर काय. एकच गरम लागलं तर? कुणीतरी गॅस चालू ठेवला, नाहीतर — हात लावणाराच खोटं बोलतो. गाडीत एकटं पाणीच थोडं मोजतात? बॅटरी मोजतात, मोटर मोजतात, बाहेरची हवा मोजतात. सगळ्यांना एकाच वेळी विचारायचं! रात्रभर उभ्या गाडीला. पहाटे. चालू करण्याआधी!

पिठाच्याच हातानं अनुषाला फोन केला. "आज संडे आहे, अक्का." मी म्हटलं, "मला म्हायत आहे कुठला वार ते."

१० नोव्हेंबर

गाडी संध्याकाळी सर्व्हिसच्या आवारात लावली. चार्जिंग नाही, काही नाही. अनुषा म्हणाली, "सकाळी आठला येते." मी म्हटलं, "आठला ऊन पडतं. सहाला ये." तोंड वाकडं केलं पण येते म्हणाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घाईघाईनं लिहायलेय, अक्षर बघा कसं आलंय!

सहाला दोन मिनिटं कमी. अनुषा स्वेटर घालून, जांभया देत. लॅपटॉप जोडला. मी म्हटलं, मोठ्यानं वाच. ती वाचायला लागली —

बाहेरची हवा, एकोणीस.

मोटर, वीस.

बॅटरी — तिच्या आत बरेच आहेत म्हणे मोजणारे — एकोणीस, वीस, वीस, एकोणीस, वीस.

आणि पाणी — चौऱ्याहत्तर.

जांभई अर्ध्यावर थांबली तिची! "अक्का... हे शक्यच नाही."

"आता कशी शुद्धीवर आलीस!"

"नाही पण, बॅटरी वीसवर आहे आणि तिच्या भोवतीचं कूलंट चौऱ्याहत्तर? फिजिकली पॉसिबलच नाही!" मग स्वतःच वाकली, नळीला हात लावला. आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. "गार आहे," म्हणाली. जसं काय मी चार दिवस दुसरंच काही सांगत होते!

मग मी तिला उपाशी सोडलं नाही. कोपऱ्यावर इडली-वडा खाल्ला दोघींनी. खाताना म्हणते, "कॉलेजात हे शिकवलेलं, अक्का. सगळे सेन्सर थंड करून कंपेअर करायचे. मी विसरूनच गेले." मी म्हटलं, "मला कुणी शिकवलंच नाही, मी कशी विसरणार?" खो खो हसली. चांगली पोरगी आहे.

उद्या सेन्सरच्या वायरीचा प्लग काढायचा. वायर खराब का सेन्सरच खराब, ते बघायचं. बुधवार तर बुधवार!

१२ नोव्हेंबर

पूर्ण लिहिते. सगळं लिहिलं पाहिजे.

अनुषानं गाडीची मोठी वीज आधी तोडली, थांबली, मोजून बघितलं, मग हात घातला. प्लग काढून ठेवला — पडद्यावर पाणी उणे चाळीस! मी म्हटलं, बंगळूरला बर्फ पडला! ती म्हणाली, नाही अक्का, हे बरोबर आहे. सांगणाराच निघून गेला की गाडी असला वेडा आकडा दाखवते. म्हणजे पुढची वायर चांगली. दोष इकडं, सेन्सरकडं.

मग सेन्सर नळीतून काढला. बोटाच्या पेराएवढा तर आहे! एवढ्याशानं मला रडवलं! मी घरून दोन थर्मास नेले होते, एकात बर्फाचं पाणी, एकात उकळतं. अनुषानं कपाटातून नवा सेन्सर आणला आणि दोन्हीला आळीपाळीनं मीटर लावलं. याचं गणित उलटं चालतं — गार असला की आकडा मोठा, गरम असला की लहान. नवा बर्फात बुडवला: पाच हजार आठशे. गरमात: उतरत उतरत तीनशेच्या खाली. शहाण्यासारखा, एकेक पायरी उतरत. आता आमचा. बर्फात: चारशे... नऊशे... चारशे... तीनशे. बर्फात बसून म्हणतो मला उकडायलंय!

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! आजूबाजूचे मेकॅनिक जमले. एक म्हणाला, "येनु अक्का, लॉटरी?" मी म्हटलं, त्याच्यापेक्षा मोठं!

अनुषा म्हणाली, "आत कशामुळं गेला ते बघू." भिंग लावलं. प्लगचं तोंड वर असतं, वाटीगत. रबर सैल. आत हिरवा गंज, काहीतरी चिकट पांढरं, आणि —

"ईई! अक्का, मुंग्या! मेलेल्या मुंग्या! गाडीत मुंग्या कशाला येतील?"

सगळे हसायलेत आणि मी तिच्या हातातलं भिंग घेतलं.

मुंग्या गोडाला येतात.

खंडेनवमीला, इथं आयुधपूजा म्हणतात, शेडमध्ये सहाही गाड्या धुऊन उभ्या होत्या. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. बाकीच्या बाहेरूनच हळदकुंकू लावायलेल्या. मी म्हटलं, "वरवर काय पुसताय? बॉनेट उघडा! पोटात नैवेद्य नको?" आमच्याकडं ट्रॅक्टरला असंच करायचे. नारळ फोडायचा, पाणी इंजिनवर ओतायचं. वीस वर्षं ट्रॅक्टरनं ते पाणी पचवलं. मी माझ्या गाडीत अर्धा नारळ ओतला. आणि अहल्या शेजारी बोटानं थेंब थेंब शिंपडायलेली. मला धीर कुठला! "असं काय मुंगीला पाजल्यासारखं!" म्हणून तिच्या हातातला नारळ हिसकावला आणि अख्खा ओतला. तिच्या गाडीत. मी.

अनुषा कागदावर लिहीत होती — सेन्सर खराब, आतलं कारण माहीत नाही. कंपनी फुकट बदलून देणार.

नारळाचं मी पोटातच ठेवलं आणि थर्मास गोळा केले.

नवा सेन्सर बसला. पाणी सव्वीस, बॅटरी सव्वीस. कासव नाही. पंखा गप्प. साहेब फोनवर म्हणाले, "अक्का, शाबास! चावी तुमचीच!"

१३ नोव्हेंबर

गाडी फुलासारखी चालायलीय.

शेडमध्ये अहल्याच्या गाडीवरचं कापड आज दोनदा नीट केलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साहेबांना म्हटलं, अहल्याची गाडी पण तपासा. तोच रोग असणार. त्यांना पटलं. अनुषा शेडवर आली, कापड काढलं, लॅपटॉप लावला. महिनाभर उभी गाडी — बाकी सगळं चोवीस, पाणी ऐंशी! मला उड्या माराव्या वाटल्या. बॅटरी चांगली! अहल्याचा पाय चांगला! सेन्सर बदलला की गाडी तयार!

मग प्लग काढला. माझ्यापेक्षा दुप्पट मुंग्या.

साहेबांनी चष्मा लावून बघितलं. म्हणाले, "एका गाडीत असतं तर कंपनीचा दोष म्हटला असता. दोन गाड्यांत तेच? हे कुणीतरी सांडलंय. अहल्याच! गाडीत ज्यूस प्यायची ती. आणि तुमची गाडी पण पुसायची ना, अक्का, तुम्हाला उशीर झाला की? बरं झालं, काढली. बेडा. ती परत नको."

मी उभी होते. तिथंच. दोन हातांवर. तोंड उघडलं होतं मी — आणि तेवढ्यात फोन वाजला, भाडं आलं, मल्लेश्वरम. मी गेले!

गेले. पळाले म्हण की.

१५ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी सातला साहेबांच्या घरी. बाई रांगोळी घालत होत्या. साहेब कॉफीचा पेला घेऊन बाहेर आले. मी बसलेच नाही. म्हटलं, "साहेब, ज्यूस नाही. नारळ. मी ओतला. माझ्या गाडीत मी, आणि तिच्यात पण मीच, तिच्या हातातून ओढून. ती नको म्हणत होती. आणि तिचा पाय जड नाही, ते पण मी उगाच बोलले."

साहेबांनी कॉफी कठड्यावर ठेवली. म्हणाले, "अक्का, तीन दिवस तुमचं कौतुक सांगत गाव फिरलो मी."

"तपासलं ते खरंच आहे."

"ते खरं आहे. हे पण खरं आहे." मग हात पुढं केला. "चावी द्या. अहल्याला बोलावून घ्या. तुमचं नंतर बघू, आत्ता माझं डोकं चालत नाही."

दिली.

जाता जाता अनुषाला फोन केला, बाकीच्या चार गाड्यांचे प्लग पण उघडून पूस म्हणून. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं." मी म्हटलं, "मला कळलं होतं की." बसमध्ये खिडकी मिळाली. गंमत म्हणजे बरं वाटायलेलं! गरम पाण्याची पिशवी छातीवरून काढल्यागत.

१६ नोव्हेंबर, रविवार

अहल्याला फोन केला. सगळं भराभर सांगून टाकलं, मधे श्वास न घेता. नारळ, मुंग्या, चावी, ये लवकर.

ती म्हणाली, "मला म्हायत होतं, अक्का. तुम्ही ओतलं त्याच सांजेला माझं कासव पेटलं."

"मग बोलली का नाहीस!"

"माझं काय, मी तिशीतली. कुठंही हातपाय मारीन. तुमची गाडी सुटली असती तर?"

मी म्हटलं, "अगं, आणि मी साहेबांना तुझ्याबद्दल काय बोलले ते म्हायत आहे का तुला?"

"म्हायत आहे. मी दारातच उभी होते."